तिसरा गडी पोहोचेपर्यंत

कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली येणाऱ्या आश्रमशाळांमध्ये दर वर्षी क्रीडा स्पर्धा होतात. आधी केंद्रावर, मग प्रकल्पस्तरावर, मग विभागावर. मुले-मुली अंथरूण-पांघरूण बांधून दुसऱ्या शाळेत मुक्कामाला जातात, कबड्डी, खो-खो, रिले खेळतात आणि रात्री एकाच खोलीत दाटीवाटीने झोपतात. बारावी झाली की हे सगळे एकदम थांबते. ज्या मुलीने चार वर्षे रिलेत तिसरा टप्पा धावला, ती अठराव्या वर्षानंतर कुठल्याही संघाची राहत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारे काही जण पहाटे रस्त्यावर धावतात. पण ते एकेकटे, कट-ऑफच्या धास्तीने, आणि भरती झाली किंवा वय उलटले की तेही थांबतात. आपल्या तालुक्यात प्रौढ माणसाला खेळाची दोनच दारे उघडी आहेत. एक तर त्याने प्रेक्षक व्हावे, नाही तर बक्षिसाच्या सामन्यांत उतरावे. तिसरे दार उघडायला हवे असे माझे म्हणणे आहे. हौशी माणसांची सांघिक स्पर्धा, वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, घरापासून लांब, एका रात्रीच्या प्रवासाची आणि समुद्राच्या काठावर संपणारी. ही कल्पना जगात अनेक ठिकाणी रुजलेली आहे, महाराष्ट्रातही आहे, आणि कळवणला ती आणणे वाटते तितके अवघड नाही.

आधी बक्षिसाच्या सामन्यांबद्दल, कारण गावोगावी खेळ म्हटले की तेच डोळ्यांसमोर येतात. कुणाच्या तरी नावाचा चषक, टेनिस बॉल, प्रवेश फी, पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाला रोख रक्कम, मालिकावीराला मोटारसायकल. मांडवातला ध्वनिक्षेपक आणि गर्दीचा जल्लोष खरा असतो, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण रक्कम वाढली की संघ बाहेरून फलंदाज आणतात, गोलंदाज आणतात. गावाच्या नावाने मैदानात उतरलेल्या अकरांपैकी गावातले किती, हे मोजले तर आकडा लाजवणारा निघतो. गावातला मध्यम कुवतीचा खेळाडू आधी बारावा होतो, मग खुर्च्या लावतो, मग येणेच सोडतो. जिंकण्यावर पैसा लागला की कमी कुवतीच्या माणसाला संघात ठेवणे परवडत नाही. त्यात कुणाची दुष्टाई नाही, रचनाच तशी आहे. त्यामुळे उपाय रचनेतच शोधावा लागेल.

नाशिकमध्ये एक मैदान आहे. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने झाले आहेत, सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची गर्दी असते, आणि रिक्षावाला आजही त्याला गोल्फ क्लबच म्हणतो. गोल्फ तिथून केव्हाच गेला. साहेबांचा खेळ साहेबांबरोबर गेला, याची हळहळ करण्याचे कारण नाही. मात्र ब्रिटनमध्ये त्या खेळाभोवती एक रीत वाढली, ती आपल्या कामाची आहे. तिथे स्वतःचे मैदान नसलेली छोटी हौशी मंडळे असतात. एखाद्या कचेरीतले, एखाद्या पेठेतले पंधरा-वीस जण एकत्र येतात, वर्षातून एकदा समुद्रकाठचे मैदान भाड्याने घेतात, एक रात्र मुक्काम करतात आणि संघ पाडून एका साध्या चषकासाठी खेळतात. यात कच्चा आणि पक्का खेळाडू एकत्र खेळू शकतात, कारण तिथे प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे सवलतीचे फटके ठरलेले असतात. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या डॉक्टरांनी गुण मोजण्याची एक पद्धत बसवली आणि 1932 मध्ये इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील वॉलसी क्लबमध्ये ती स्पर्धेत वापरली गेली. समुद्राच्या वाऱ्याने एखाद्या ठिकाणी खेळाडूचा पार बोजवारा उडाला तरी तेवढ्या ठिकाणी शून्य गुण मिळतात, बाकीचा दिवस वाया जात नाही. हौशी माणूस पुढच्या वर्षी परत येतो तो अशा नियमांमुळे. मोजणी कशी करायची ते एकदा ठरले की कोण खेळत राहणार तेही ठरते.

आता आपल्याकडचे उदाहरण. पुण्याहून निघून गोव्याच्या किनाऱ्यावर संपणारी डेक्कन क्लिफहँगर ही सायकल शर्यत 2014 पासून होते. अंतर सुमारे 643 किलोमीटर. एकट्यानेही भाग घेता येतो आणि दोघांच्या, चौघांच्या संघानेही. संघात एक जण रस्त्यावर असतो, बाकीचे गाडीत. रात्री मागची गाडी दिव्यांचा झोत टाकत सायकलस्वाराच्या पाठीशी चालते. पुढे कुठल्या तरी धाब्याजवळ दुसरा गडी हेल्मेट चढवून, एक पाय पेडलवर ठेवून उभा असतो. येणाऱ्याचे चाक त्याच्या चाकाशी आले की तो सुटतो आणि पहिला धापा टाकत गाडीत शिरतो. भाग घेणाऱ्यांत डॉक्टर, अभियंते, व्यापारी, शिक्षक असतात. सोमवारी त्यांना कामावर हजर व्हायचे असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या रेस अॅक्रॉस अमेरिका या शर्यतीसाठी ही पात्रता स्पर्धा मानली जाते.

अमेरिकेच्या त्या शर्यतीत नाशिक जिल्ह्याचे नाव कसे लागले, तो क्रम पाहण्यासारखा आहे. अंतर सुमारे 4,800 किलोमीटर. 1982 मध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा फक्त चार जण धावले होते, चौघेही एकेकटे. संघांना त्यात नंतर जागा मिळाली. भारतातून एकट्याने प्रयत्न झाले होते; पण भारतीय संघ म्हणून ती पहिल्यांदा पूर्ण केली ती नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी, 2015 मध्ये, 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. दोन वर्षांनी, 2017 मध्ये, नाशिकमध्ये नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने मुदतीत पूर्ण केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नाशिकचे सायकलपटू असलेल्या चौघांच्या संघानेही ती पार केली. आधी दोघे, मग एकटा आणि चौघे. एकट्याच्या पराक्रमाआधी संघ होता, आणि त्या संघाआधी शहरात पहाटे एकत्र सायकल चालवणारी, एकमेकांच्या पंक्चर काढणारी शेकडो सामान्य माणसे होती. नाशिक ते पंढरपूर सायकल वारीत दर वर्षी पन्नाशी-साठी ओलांडलेले लोकही दिसतात. शिखर दिसते ते पायथा रुंद असतो म्हणून, आणि पायथा संघाने रुंद होतो.

तरीही क्लिफहँगरची नक्कल कळवणने करू नये. तिला मागे चालणारी गाडी लागते, चालक लागतात, महागडी सायकल लागते. शिवाय ती शेवटी वेळेची शर्यत आहे, आणि वेळेच्या शर्यतीत मंद गड्याला जागा मिळत नाही. आपल्याला जवळचा आहे तो फ्रेंचांचा एक जुना प्रघात. पॉल द व्हिव्ही हे सेंट एतियेनचे गृहस्थ, व्हेलोसिओ या नावाने लिहायचे आणि सर्वसामान्यांनी सायकलवरून लांबचा प्रवास करावा म्हणून आयुष्यभर झटले. त्यांच्या स्मरणार्थ 1947 पासून ईस्टरच्या सुमारास फ्लेश नावाचा सांघिक उपक्रम चालतो. त्याचे नियम मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. संघात जास्तीत जास्त पाच सायकली. चोवीस तासांत किमान 360 किलोमीटर. त्याहून किती जास्त जायचे ते प्रत्येक संघाने आपल्या कुवतीप्रमाणे आधीच लिहून द्यायचे. एका जागी दोन तासांपेक्षा जास्त थांबायचे नाही, आणि शेवटच्या दोन तासांत निदान पंचवीस किलोमीटर कापायचे, म्हणजे आधी पळून नंतर झोपा काढता येत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे किमान तीन सायकली एकत्र पोहोचल्या पाहिजेत. दोघे वाऱ्यासारखे गेले आणि बाकीचे मागे राहिले, तर संघ बाद.

या एका नियमाने खेळाचा सगळा रोख बदलतो. संघातल्या सर्वात दमदार गड्याची ताकद स्वतःसाठी उपयोगाची राहत नाही. ती त्याला तिसऱ्यासाठी वापरावी लागते. समोरून वारा आला तर तो पुढे राहतो, मागच्याला आडोसा देतो. कुणाच्या पायात गोळे आले तर सगळे थांबतात, मीठ-साखरेचे पाणी पाजतात आणि किती वेळ गेला याचा हिशेब मिळून करतात. मागे गाडी नसते. ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्याचा पुरावा म्हणून कार्डावर शिक्का घ्यायचा किंवा पेट्रोल पंपाची, एटीएमची पावती जपून ठेवायची. भारतात लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासांचे जे उपक्रम होतात त्यांतही हीच साधी पद्धत आहे. पावतीवर वेळ छापलेली असते आणि तेवढे पुरते. म्हणजे कमी खर्चाची, गाडीशिवाय चालणारी आणि कमकुवताला बाहेर न काढणारी रचना जगात सत्तर-ऐंशी वर्षे वापरून तपासलेली आहे. ती आपल्या मापाची करून घ्यायची, एवढेच काम आहे.

माप म्हणजे अंतर. कळवणहून अभोण्यामार्गे बोरगाव, पुढे सापुताऱ्याचा घाट उतरून डांगच्या जंगलातून वघई आणि तिथून वलसाडजवळचा तीथलचा किनारा. ढोबळमानाने दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. सुरगाण्यात उगम पावणाऱ्या नार आणि पार या नद्या ज्या अरबी समुद्राकडे वाहतात, तोच हा समुद्र. त्यांचे पाणी गिरणेत वळवायच्या योजनेवर आपल्याकडे किती सभा झाल्या. पण ते पाणी जिथे पोहोचते तो किनारा या तालुक्यातल्या किती जणांनी पाहिला असेल? चौघा-पाचांचा संघ, सकाळी उशिरा निघायचे, रात्रभर चालायचे, दुसऱ्या सकाळी समुद्र. ज्यांच्याकडे गियरची सायकल आहे आणि ज्यांच्याकडे शाळेत जायची साधी सायकल आहे, त्यांचे गट वेगळे न करता गोल्फमधली सवलतीची युक्ती घ्यावी. साध्या सायकलीमागे संघाला अमुक तासांची सूट. मग साध्या सायकलीवाल्याला संघात घेणे ही मेहरबानी राहणार नाही. ती संघाच्या फायद्याची गोष्ट होईल.

रात्री मिळून वाट चालणे आपल्या भागाला नवीन नाही. चैत्रात खानदेशातून हजारो लोक पायी सप्तशृंगगडावर येतात. धुळे, जळगाव, नंदुरबारहून निघालेली मंडळी उन्हाच्या त्रासामुळे पहाटे आणि रात्री चालतात, आणि देवळा-कळवणच्या वाटेवरची गावे त्यांना पाणी, भाकरी, अंग टेकायला ओटा देतात. कोजागिरीला कावडीवाले नद्यांचे पाणी घेऊन गड चढतात. चैत्रोत्सवात रात्री दरेगावच्या गवळी घराण्यातला माणूस सुळक्यावर कीर्तिध्वज लावतो. भक्तीची आणि खेळाची सरमिसळ मला करायची नाही. दोघांचे हेतू वेगळे आहेत आणि वेगळेच राहावेत. पण रात्री वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाची सोय कशी लावायची हे ज्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तिथे वाटेवरची चार ठाणी उभी करायला स्वयंसेवक मिळणार नाहीत, हे पटत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. या भागातल्या घाटांत बस कोसळल्याच्या घटना लोक विसरलेले नाहीत. कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, वळणावर मोटारसायकली भरधाव येतात, जंगलपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. म्हणून वेळापत्रक घाटावरून आखावे. सकाळी उशिरा निघून सापुताऱ्याचा उतार दिवस असतानाच संपला पाहिजे, आणि जो संघ सूर्यास्ताच्या दीड तास आधी माथ्यावर पोहोचला नाही त्याला तिथेच मुक्काम सक्तीचा करावा. दुसऱ्या दिवशी तो उजेडात पुढे जाईल, त्याचे नाव यादीतून कटणार नाही. पुढे-मागे दिवा आणि चमकणारे जाकीट नसेल तर सुरुवातच करू देऊ नये. दिवाळीनंतरच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार धरला तर पाऊस गेलेला असतो आणि रात्रभर चांदणे मिळते. कुणीही एकट्याने चालवायचे नाही हा संघाचा नियम स्वतःच एक सुरक्षा आहे. रात्रीच्या रस्त्यावर पाच दिवे एका ओळीत दिसणे आणि एक दिवा दिसणे यात फार फरक असतो. एवढे करूनही धोका शून्यावर येणार नाही. पण आपल्या तालुक्यातला तरुण आज रात्री रस्त्यावर असतोच, दिवा नसलेल्या मोटारसायकलवर तिघे बसून, कसलाही नियम न पाळता. नियमांचा सराव देणारी एखादी तरी रात्र त्याला मिळायला हवी.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. पाणी, रोजगार, रस्ते हे प्रश्न सुटले नाहीत तिथे समुद्राकाठच्या सहली कशाला? सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवरून दर वर्षी माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. मुकादमाबरोबर, टोळी करून, आठवडेच्या आठवडे घराबाहेर मुक्कामाला. म्हणजे या माणसांना टोळीने जाणे, परक्या ठिकाणी रात्र काढणे, एकमेकांच्या जिवावर राहणे सगळे येते. पण ते फक्त मजुरीसाठी. त्यांच्या वाट्याला वर्षातली एक रात्र खेळासाठी यावी ही मागणी चैनीची आहे असे मला वाटत नाही. ही मागणी रस्त्याच्या आणि पाण्याच्या मागणीच्या आड येत नाही. उलट त्याच रस्त्यावरून शंभर सायकली गेल्या तर कुठला पूल खचला आहे आणि कुठल्या गावात रात्री आरोग्य केंद्र बंद असते ते शंभर जणांच्या तोंडी येईल. एकच अट हवी. हा उपक्रम शहरातल्या क्लबांनी येऊन आदिवासी पट्ट्यात भरवलेला सोहळा होऊ नये. निम्मे संघ तरी कळवण, सुरगाणा आणि देवळ्याचे असल्याशिवाय बाहेरच्या संघांची नोंदणी सुरूच करू नये.

बायकांचे काय, हा प्रश्न बहुतेक वेळा आक्षेप म्हणून विचारला जातो, मागणी म्हणून नाही. घरचे रात्री बाहेर पाठवणार नाहीत, असे सांगून विषय संपवला जातो. पण गडाच्या पायी यात्रेत याच घरांतल्या सासवा-सुना रात्री बाहेर असतात, आणि द्राक्षबागेच्या टोळीतही असतात. घरचे परवानगी देतात ती सोबत कोण आहे, मुक्काम कुठे आहे आणि दर वर्षीचे आहे का, हे पाहून. सांघिक आणि वार्षिक उपक्रम या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देतो. म्हणून प्रत्येक संघात किमान दोन स्त्रिया हा नियम पहिल्याच वर्षी असावा, आणि एकत्र पोहोचणाऱ्या तिघांत निदान एक स्त्री असलीच पाहिजे. नंतर बघू म्हटले की ते होत नाही. आश्रमशाळेतून बाहेर पडलेल्या रिलेपटूंना परत बोलावण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

क्रीडाक्षेत्रातली जाणती मंडळी म्हणतील की अशा हौशी गोष्टींनी पदके येत नाहीत. आपली सगळी व्यवस्था पदकाभोवती आणि प्रमाणपत्राभोवती फिरते. दहावी-बारावीला वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. ते योग्यच आहे, त्यातून गरीब घरे वर आली आहेत. सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य जिंकते तेव्हा अख्ख्या पट्ट्याची मान उंच होते. पण त्या एका नावामागे ज्या शेकडो मुली धावत होत्या, त्यांच्यासाठी या व्यवस्थेत काही नाही. आणि पदकांचा विचार केला तरी संघाची बाजू दुबळी नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकानयनात तेरावा क्रमांक मिळवला. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मात्र एकट्याच्या अंतिम शर्यतीत तो आजारपणामुळे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नावेत बसून त्याने सुवर्णपदक जिंकले. तोच माणूस, तेच दुखणारे शरीर, फक्त नावेत आणखी तिघे होते. दुष्काळी गावात विहिरी खोदणारा मुलगा पाण्यात उतरला तो लष्करात गेल्यानंतर. म्हणजे संधी मिळेपर्यंत त्याच्या अंगात काय आहे हे गावालाही कळले नव्हते. लोक मोठ्या संख्येने आणि मोठ्या वयापर्यंत खेळत राहिले, तर असे कितीतरी जण आपल्याला लवकर दिसतील.

उरतो प्रश्न करणार कोण. सरकारी योजनेची वाट पाहू नये, आणि कुणाच्या नावाचा चषकही करू नये. नाव आले की रक्कम येते, रक्कम आली की बाहेरचे खेळाडू येतात आणि आपण पुन्हा मांडवात जाऊन बसतो. कळवणच्या महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक, सायकल दुरुस्तीचे दुकानदार, दोन-तीन डॉक्टर आणि नाशिकच्या सायकलपटूंपैकी अनुभवी चार जण एवढ्यांची समिती पुरेशी आहे. नाशिककरांनी मार्ग आखून द्यावा, नियम लिहून द्यावेत आणि पहिल्या वर्षी ठाण्यांवर बसावे. संघांची नावे गावांची असावीत. रोख बक्षीस नसावे. पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संघाला सारखाच बिल्ला मिळावा आणि क्रमांक लावायचेच तर सांगितलेले अंतर आणि वेळ यांच्या सर्वात जवळ जो संघ पोहोचला त्याला पहिला धरावे, कारण आपल्या माणसांना ओळखून बेत आखणे हे या खेळातले खरे कसब आहे. परवानगी दोन राज्यांच्या पोलिसांची लागेल, त्यासाठी सहा महिने आधी अर्ज हवा. पहिल्या वर्षी पाच संघ आले तरी चालतील. मात्र दुसऱ्या वर्षाची तारीख पहिल्याच वर्षी, शेवटचा संघ तीथलला पोहोचला की तिथेच जाहीर करावी आणि ती पुढे कुणाच्याही सोयीसाठी बदलू नये.